पुजलेल्या मोटारीचा क्लच

शेवंतीच्या ओल्या गंधात जुन्या ऑइलचा उग्र दर्प मिसळला, की आमच्या म्हैसूरच्या घरी दसऱ्याची, अवजारांची नि गाड्यांची आयुधपूजा जवळ आली असं मला आजही वाटतं. त्या वर्षी आश्विनातल्या कोवळ्या उन्हात मी, पन्नाशीची शाळामास्तरीण, अप्पांच्या लाल, दोन आसनी इंग्लिश मोटारीखाली उताणी पडले होते आणि ऐंशी ओलांडलेले माझे वडील वर बसून क्लच दाबत होते. इंजिन सुरू होई. पण गिअर टाकायला जावं तर तो कराकरा दात खाई. इंजिन उतरवावं लागलं तर गाडी देऊन टाकायची, असं अप्पांनी आदल्याच दिवशी ठरवलं होतं. ती पुन्हा जुळेपर्यंत थांबायला आपल्यापाशी वेळ नाही, म्हणे. ते ऐकून मला रडू आलं होतं.

"आधी क्लचचं तेल बघ. हाय? सरि. आता दाबतो, दांडा सरकतोय काय बघ."

"सरकतोय की, अप्पा!"

"मग दोष आत हाय. चकती चिकटलीय."

ती का चिकटली, हे मला तिथेच उमगलं. गेल्या दसऱ्याआधी अप्पा घरात पडले, तेव्हापासून त्यांनी गाडी चालवायची नाही हा माझा फतवा. म्हणून पूजेला मीच पाइप लावून ती पोटापर्यंत न्हाऊ घातली, कोहळा फोडला, शेजाऱ्यांकडून ढकलवून चाकांखालची लिंबं चिरडली आणि इंजिन सुरूही न करता, तशीच ओली झाकून ठेवली. वर्षभरात क्लचची चकती गंजून इंजिनाच्या चाकाला धरून बसली. भक्ती नडली, दुसरं काय!

शेजाऱ्यांनी गाडी ढकलत समोरच्या मोकळ्या मैदानात नेली. अप्पांच्या सांगण्यावरून मी इंजिन चांगलं तापवून बंद केलं, गिअर टाकला आणि क्लच दाबूनच पुन्हा सुरू केलं. गाडी अडेल बैलासारखी हिसके देत धावली. "क्लच सोडू नको! स्वल्प ॲक्सिलेटर दे, सोड, परत दे!" शेजारी बसलेले अप्पा ओरडत होते. तिसऱ्या फेरीला आत काहीतरी खटकन सुटलं आणि गाडी हलकी होऊन नुसतीच घरंगळू लागली.

"आय्तु, झालं! सुटली बघ!" अप्पांनी टाळी वाजवली. मी चक्क रडले, आणि हसलेही.

मग ते हळूच म्हणाले, "आता मी स्वल्प चालवू काय ग?"

ज्यांनी मला गाडी शिकवली, त्यांनी माझी परवानगी मागावी याची मला फार लाज वाटली. उत्तर ओठांवर तयारच होतं: पाय, डॉक्टर, उद्या बघू. ते गिळून मी त्यांच्यासाठी स्टिअरिंग सोडून उतरले आणि पलीकडच्या आसनाशी जाऊन उभी राहिले.