व इतर पाच

बसडेपोच्या धुलाईपट्टीवर तो रोज तेवीस बस धुतो. त्यातल्या निम्म्या बसच्या पाठीवर एकच जाहिरात आहे. लाल बंब, हसरे जवान आणि खाली ठळक अक्षरांत: आगीशी लढायला माणसं हवीत, आजच या. ती जाहिरात साबण लावून, घासून, लख्ख करून तो पुढे पाठवतो. एकवीस वर्षं बंबावर काढलेल्या माणसाची अशी थट्टा नशिबानं करू नये, पण नशिबाला दुसरं काम काय असतं!

जुन्या स्टेशनात त्याला सगळे काट्या म्हणत. पंपाच्या तबकडीवरच्या काट्यावरून त्याची नजर कधी ढळत नसे, म्हणून काट्या. आगीच्या जागी बंब नेऊन लावायचा आणि मग पंप सांभाळायचा, हे त्याचं काम. आत शिरलेल्या जवानांच्या हातात पाणी राहणार की नाही, ते बाहेर उभ्या असलेल्या या एकट्या माणसावर असे. नजर काट्यावर आणि एक हात पाण्यानं फुगलेल्या होजवर. होजवर तळवा टेकला की पलीकडच्या टोकाला माणूस काय करतोय ते त्याला कळे. नोझल उघडलं, मिटलं, माणूस पुढे सरकला, दमून थांबला, सगळं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणाला शिकवताही येत नव्हतं.

परदेशात अनुभवी जवानांची टंचाई आहे हे कळल्यावर त्यानं राजीनामा दिला आणि बायको-मुलीला घेऊन इथं आला. भरतीला वयाची अट सत्तेचाळीसची, हा पंचेचाळिसाचा. दोन वर्षं हातात आहेत म्हटल्यावर कोण घाबरतो? पण घोडं अडलं ते अनुभव तपासणाऱ्या कार्यालयाच्या खिडकीशी.

खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याच्या सेवेच्या दाखल्याचं भाषांतर दोनदा वाचलं. दाखल्यात त्याचं पद होतं ड्रायव्हर.

"तुम्ही गाडी चालवत होता, हे मान्य. पंप चालवत होता याला पुरावा काय?"

"मला दहा मिनिटं पंप द्या," तो म्हणाला. सोबत आलेल्या मुलीनं ते इथल्या भाषेत सांगितलं.

"ती परीक्षा कागद मान्य झाल्यावर."

"आणि कागद कसे मान्य होतील?"

बाईंनी समजावून सांगितलं. एका तरी आगीची त्या वेळी केलेली नोंद हवी. त्यात त्याचं नाव हवं आणि पंपावर तोच होता असं लिहिलेलं हवं. सोबत्यांची पत्रं चालत नाहीत, पत्र काय कोणीही लिहून देतं. मुदत तीस दिवस. नाही जमलं तर फाइल बंद, आणि पुन्हा अर्ज तीन वर्षांनी. तीन वर्षांनी तो अठ्ठेचाळीस वर्षांचा असणार होता.

घरी येऊन त्यानं लंबूला फोन लावला. लंबू म्हणजे त्याचा बंबावरचा जुना सोबती. आता गुडघे गेले म्हणून त्याला टेबलावर बसवलंय आणि आगीच्या वर्दीचं रजिस्टर त्याच्याच ताब्यात आहे.

"एवढंच ना?" लंबू हसला. "एक मागतोस? शंभर काढून देतो. एकवीस वर्षं काय गोट्या खेळत होतास?"

चार दिवसांनी फोन आला तेव्हा लंबूचं हसू पार आटलं होतं.

"काट्या, सगळी रजिस्टरं पाहिली रे. वर्दी कधी आली, बंबाचा नंबर, साहेबांचं नाव... आणि पुढे, व इतर पाच."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. व इतर पाच. कधी व इतर चार."

"तू लिहिलेलंही?"

"मीही तसंच लिहितो. सगळे तसंच लिहितात. आणि कंबर धरली म्हणून तुला आठ महिने टेबलावर बसवलं होतं बघ, तेव्हाची पानंही आहेत. तुझंच अक्षर. व इतर पाच."

काट्याला तो रकाना आठवला, दोन बोटांएवढा. पाच नावं कोण कोंबणार त्यात? आणि नावं हवीत कोणाला? आग विझली की झालं. आपले दात आणि आपलेच ओठ. साहेब वारले होते. नवे साहेब म्हणत, मी जे पाहिलं नाही त्यावर सही कशी करू, आणि त्यांचंही चूक नव्हतं.

त्या आठवड्यात डेपोतला धुलाईचा पंप हवा खायला लागला. हातातला होज असा थरथरला की काट्याला लगेच कळलं, पाणी ओढायच्या पाइपात कुठंतरी चीर आहे. तो धावत पंपाकडे गेला, तर मुकादम ओरडला, "हात लावू नकोस! तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे का?" काट्या मागे सरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप जळाला आणि तो बादलीनं बस धुवायला लागला. रागापेक्षा त्याला रडू जास्त येत होतं.

मुदतीला अकरा दिवस उरले तेव्हा लंबूनं पुन्हा फोन केला. आवाज एकदम खाली.

"माझ्याकडे जुनी शाई आहे. त्या रंगाच्या गोदामाच्या पानावर थोडी जागाही आहे. लिहू का तुझं नाव? कोणाला कळणार नाही."

"लिही," काट्या म्हणाला. विचार न करता म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर कित्येक दिवसांनी त्याच्या जिवात जीव आला.

बायको इस्त्री करता करता स्पीकरवरचं सगळं ऐकत होती. ती लाँड्रीत काम करायची आणि घरी आली की पुन्हा घरचे कपडे.

"अहो, भावोजींची पेन्शन किती लांब आहे?"

"दोन वर्षं."

"आणि हे सापडलं तर?"

त्यानं फोन उलटा करून ठेवला.

"तुम्ही त्यांना जळत्या गोदामातून बाहेर काढलंत ते यासाठी?" तिनं इस्त्री उभी ठेवली. "फोन करा त्यांना."

त्यानं फोन केला. शिव्या घातल्या तेव्हा कुठे लंबू शाईची बाटली बाजूला ठेवायला कबूल झाला. पण गोदामाचा विषय निघालाच होता, म्हणून लंबू त्या वर्षाचं कपाट पुन्हा उघडून बसला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"तुझं नाव सापडलं."

"कुठे?"

"मेमोच्या फाइलीत."

कुठला मेमो, ते काट्याला विचारावं लागलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी ते रंगाचं गोदाम पेटलं होतं. एक भिंत बाहेर झुकली. आत कोणी नाही अशा समजुतीनं साहेबांनी बंब मागे घ्यायला सांगितलं. काट्याचा हात होजवर होता. नोझल उघडत होतं, मिटत होतं. तो म्हणाला, "आत माणसं आहेत." साहेब म्हणाले, "बंब मागे घे." तीनदा म्हणाले. काट्यानं पंप सोडला नाही. लंबू आणि आणखी एक जवान होजच्या अंगानं चाचपडत बाहेर आले, आणि मग भिंत बंबावर बसली.

त्या स्टेशनाची एक रीत होती. सकाळी साहेबांचा पारा चढे, दुपारी मेमो निघे, माणूस त्यावर 'चूक मान्य' म्हणून सही करी आणि संध्याकाळी चहासोबत साहेब तो कागद फाडत. काट्यानंही सही केली. साहेब म्हणाले होते, "जा, फाडला समज." तो तसंच समजला.

साहेबांनी फाडला नव्हता. का नाही, ते विचारायलाही आता कोणी नव्हतं. लंबूनं वाचून दाखवला:

"सदर कर्मचारी पंपावर कार्यरत असताना, आदेश तीन वेळा देऊनही, सात किलोचा दाब कायम राखून अकरा मिनिटे जागेवरून हलला नाही. आतील दोन जवान बाहेर आल्यावरच त्याने पंप बंद केला. सबब शासकीय वाहनाचे नुकसान झाले."

खाली काट्याचं पूर्ण नाव. एकवीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल कोणी लिहिलेलं हे एवढंच, आणि यापेक्षा चांगलं कोणी लिहिणारही नव्हतं.

पण अर्जातला एकोणिसावा प्रश्न होता: आपल्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? अर्ज मुलीनं भरला होता. तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला कधी शिक्षा झाली का हो?" आणि तो म्हणाला होता, "छे!" खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. फाडलेला कागद कोण लक्षात ठेवतो?

आता मेमो दिला तर अर्ज खोटा ठरतो, नाही दिला तर फाइल बंद होते. इकडे आड, तिकडे विहीर. लंबू म्हणाला, "'चूक मान्य' आणि सही दुसऱ्या पानावर आहे, ते पान काढून टाक. मग उरते नुसती नोंद." मुलगी रडायला लागली, "मी नीट विचारायला हवं होतं." तिची समजूत घालताना काट्यालाच हुंदका आला. पोरीसमोर बापानं असं रडावं याची त्याला लाज वाटली, पण हुंदका काही थांबला नाही.

शेवटी दोन्ही पानं भाषांतरासह दिली, सोबत मुलीनं लिहिलेलं पत्र. त्यात साहेबांची रीत, तो चहा, 'फाडला समज', सगळं होतं. परक्या भाषेत ते वाचताना मुलीलाच ते बनावट वाटायला लागलं. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतले, मेमो वाचला, मान वर करून काट्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

उत्तर यायला सव्वीस दिवस लागले. मुलीनं पाकीट फोडलं आणि दारातच वाचायला सुरुवात केली.

"सादर केलेल्या नोंदीवरून अर्जदाराचा पंपचालक म्हणून अनुभव निःसंशय सिद्ध होतो..."

बायकोनं त्याचा दंड घट्ट धरला. हातातलं पाण्याचं भांडं कुठं ठेवावं ते काट्याला सुचेना.

"पुढे वाच," तो म्हणाला.

मुलगी मनातल्या मनात पुढचं वाचत होती. मग तिनं कागद खाली घेतला.

"बाबा, एकोणिसावा प्रश्न."

"नामंजूर?"

तिनं मान डोलावली. "तीन वर्षं अर्ज करता येणार नाही."

काट्यानं कागद घेतला. भाषा कळत नव्हती, पण त्यात आपलं नाव कुठं आहे ते त्याला ओळखता येत होतं. मुलीनं दाखवलेल्या पहिल्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला. मग उठला, कामाचे बूट घातले आणि दुपारच्या पाळीला गेला. जाहिरातवाल्या अकरा बस आल्या. अकराही धुतल्या.

पाळीच्या सुट्टीत धुलाईपट्टीच्या कठड्यावर बसून त्यानं लंबूला फोन केला. निकाल ऐकून पलीकडे लंबू ढसाढसा रडला. त्याला रडू दिलं.

"रजिस्टर पुढ्यात आहे का?" मग काट्यानं विचारलं.

"आहे. का?"

"आज वर्दी आली?"

"सकाळीच. फर्निचरच्या दुकानाला आग. किरकोळ."

"काय लिहिलंस?"

"तेच. व इतर पाच."

"नावं लिही," काट्या म्हणाला. "पाचही. आणि पंपावर कोण होतं तेही."

"काट्या, रकाना केवढासा आहे रे!"

"मग बारीक लिही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण. पाचवं नाव लिहून होईपर्यंत काट्यानं फोन ठेवला नाही.