मेणाचं विमान

त्या शनिवारी सकाळी सात वाजता माझी रात्रपाळी संपली आणि दहा वाजता आईला घेऊन चर्च बघायला जायचं होतं. घरी येऊन अंघोळ केली, कॉफी घेतली आणि कॉटवर नुसता बसलो. आडवं व्हायची छाती नव्हती, कारण आडवा झालो असतो तर सोमवारीच उठलो असतो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. न्यू जर्सीत एका केमिकल कारखान्यात मी शिफ्ट इंजिनिअर होतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, आणि दोन्हींच्या मधे जे काही उरतं त्यात संसार. माझ्याबरोबर आलेले बहुतेक जण एव्हाना पार्सिपनीसारख्या उपनगरांत स्वतःची घरं घेऊन अंगणातलं गवत कापत होते. आम्ही मात्र नेवार्कजवळच्या एका जुन्या इटालियन वस्तीत भाड्याच्या घरात राहत होतो. वर आम्ही, खाली मालकीणबाई. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, आणि जिन्यात भेटल्या की दहा मिनिटं तरी सोडायच्या नाहीत. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं स्वतःच्या हातांनी बांधलेलं चर्च दोन गल्ल्या सोडून होतं. दर शनिवारी त्या तिथे सात-आठ जणांना बरोबर घेऊन चर्च दाखवायच्या. आठाच्या वर नाही, कारण वरच्या सज्जाचा जिना अरुंद. तुझी आई पाच महिने वरच्या खिडकीत बसून माझं अंगण बघते आहे, तिला एकदा घेऊन ये, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा नाही म्हणायला त्राण नव्हतं, म्हणून हो म्हणालो. त्या वर्षी मी बऱ्याच गोष्टींना असाच होकार दिला.

आईबद्दल सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी माहीमला पोचलो. सगळं चुलत भावानं केलं होतं. आई दोन खोल्यांत एकटी राहिली. वर्ष झाल्यावर मी तिला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं, तेव्हा आमची मुलगी तीन महिन्यांची होती. आई आली आणि बायकोला पुन्हा बँकेत कामावर जाता आलं. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी तिला आणलं, की मुलीला सांभाळायला कुणी हवं होतं म्हणून, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आजही सांगता येत नाही. दोन्ही कारणं खरी होती आणि एक दुसऱ्याच्या आड छान लपत होतं.

सहा महिने संपायला आले होते. आईच्या परतीच्या तिकिटावर तारीख घालायची होती, ती मी घातली नाही. त्याऐवजी मुक्काम वाढवून मिळण्याचा अर्ज भरला आणि एका संध्याकाळी तिच्यापुढे ठेवला. ती मुलीला वरण-भात भरवत होती. “कसला कागद?” तिनं विचारलं. “ऑफिसचा,” मी म्हणालो. कुठल्या ऑफिसचा ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं पदराला हात पुसून मराठीत सही केली. मी बायकोला सांगितलं, आईशी बोललोय. बायको म्हणाली, थँक गॉड, नाहीतर बेबीसिटर कुठून शोधणार होतो आपण. अर्ज पोस्टात पडला. त्यानंतर पंधरा दिवस मी आईच्या नजरेला नजर देत नव्हतो. पाळ्यांमुळे ते सहज जमून जायचं.

तर त्या शनिवारी मुलीला बायकोजवळ ठेवून आम्ही निघालो. मार्च असल्यामुळे थंडी होती. आईनं पातळावर माझा जुना कोट घातला आणि जिन्याच्या पायरीवर बसून पाय पुढे केले. तिच्यासाठी आणलेल्या कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या तिला बांधता यायच्या नाहीत. जन्मभर चपला घातलेल्या. बाहेर पडायचं तर मी गुडघे टेकून नाड्या बांधायच्या, असा रिवाजच पडला होता. बहुधा म्हणूनच ती फारशी बाहेर पडत नसे. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

चर्चच्या दारात मालकीणबाई उभ्याच होत्या. आणखी पाच जण होते: ओहायोहून आलेलं एक वयस्कर जोडपं आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेल्या तीन मैत्रिणी. बाईंनी सगळ्यांचं स्वागत केलं. तेवढ्यात आई खाली बसली आणि बुटांच्या नाड्या ओढायला लागली. मी म्हटलं, आई, इथे काढत नाहीत. ती म्हणाली, देवाचं घर आहे ना? नाडीला गाठ बसली होती. पुन्हा गुडघे टेकून मी ती सोडवली. ओहायोचे दोघं, मैत्रिणी, सगळे थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकीणबाईंनी मात्र बूट उचलून दाराशी नीट जोडून ठेवले.

आत गारठा होता आणि जुन्या मेणाचा वास. बाई बोलायला लागल्या आणि मी आईसाठी दुभाष्याचं काम सुरू केलं. डोळ्यांवर झापड होती. बाईंच्या दहा वाक्यांतलं मी एक सांगत होतो. तेही मिळमिळीत.

बाईंनी सांगितलं की हे बांधणारे सगळे गवंडी आणि गिलावा करणारे होते. आठवडाभर दुसऱ्यांच्या इमारती बांधायचे आणि रविवारी ही. संगमरवर परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी खांब साध्या गिलाव्याचे केले आणि वर रंगानं संगमरवराच्या शिरा काढल्या. इतक्या हुबेहूब, की बिशप येऊन फसले. हवं तर वाजवून बघा, त्या म्हणाल्या. मी आईला म्हटलं, खांब खोटे आहेत. आईनं माझ्याकडे बघितलं, मग पुढे होऊन बोटाच्या पेरानं खांब वाजवला, नारळ घेताना वाजवतात तसा. “बाई एवढं बोलली,” ती म्हणाली, “आणि तू एवढंच सांगतोस?”

रंगीत काचांच्या खिडक्यांखाली देणगी देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. त्याला भाषांतर लागलं नाही. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशीच की, असं म्हणून आई प्रत्येक नावावरून बोट फिरवत पुढे गेली. तिचे पाय अनवाणी होते आणि फरशी बर्फासारखी. मला फक्त बसायचं होतं. बाक दिसत होते, रिकामे, लांबच्या लांब, आणि प्रत्येकावर मी स्वतःला आडवा झालेला बघत होतो.

पहिल्या बाकाशी बाई थांबल्या. ही माझ्या आजीची जागा, त्या म्हणाल्या. पुरुष आधी एकटे आले होते, तीन-चार वर्षं काम करून परत जायचं म्हणून. बरेचसे गेलेच नाहीत. मग त्यांनी आपापल्या आया बोलावून घेतल्या. आजी इथे आली तेव्हा साठीची होती, पुढे चौदा वर्षं जगली, आणि घर ते चर्च याखेरीज तिनं अमेरिका बघितली नाही. पण सुखात होती, बाई म्हणाल्या, आम्ही सगळे होतो ना तिच्याजवळ.

मी आईला सांगितलं, ह्यांची आजीपण इथे आली होती, सुखात राहिली. एरवी भाषांतरात मी सगळं गाळत होतो, नेमकं हे वाक्य मात्र पुरतं सांगितलं.

“विचार तिला,” आई म्हणाली, “आजी परत गेली का कधी?”

मी विचारलं. बाईंचा चेहरा जरा बदलला. त्या म्हणाल्या, नाही. दरवर्षी म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात. आम्ही हसायचो तिला. ती गेल्यावर कॉटखालची पेटी उघडली तर चादरी, कपडे, भावंडांना द्यायच्या वस्तू, सगळं घड्या घालून भरलेलं. वरची चादर नवी होती, म्हणजे शेवटपर्यंत भरतच होती.

“नाही गेली,” मी आईला म्हणालो.

“एवढं लांबलचक ‘नाही’?” आई म्हणाली. बाकीचे सज्जाच्या जिन्याकडे वळले होते. आईला तो जिना झेपणार नाही म्हणून आम्ही दोघं खालीच थांबलो. बाईंनी त्यांना वर पाठवलं आणि स्वतः आमच्याजवळ राहिल्या. गुडघे, त्या म्हणाल्या. आईनंही स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दाखवला. त्यांचं तेवढं संभाषण माझ्याशिवाय झालं.

डाव्या हाताला एका संताची रंगवलेली लाकडी मूर्ती होती आणि शेजारी काचेचं कपाट. त्यात चांदीच्या पत्र्याचे डोळे, पाय, हात, छोटी छोटी काळजं, एक बाळ, सगळं लाल मखमलीवर टाचलेलं. बाई सांगायला लागल्या आणि आईनं हातानंच थांबवलं. “कळलं,” ती म्हणाली. “नवसाचं आहे. आपल्या मावलीसारखं.”

वांद्र्याच्या टेकडीवरच्या मावलीला, म्हणजे माउंट मेरीला, आमच्या माहीमच्या बायका जायच्या, हे मला माहीत होतं. बाहेर दुकानात मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर. आई कधी गेल्याचं मात्र मला आठवत नव्हतं.

“तुझ्या व्हिसाच्या वेळी मी गेले होते,” ती कपाटाकडे बघत म्हणाली. “विमान वाहिलं होतं मेणाचं. तुझ्या बाबांना नव्हतं सांगितलं, हसले असते.”

मी इतकी वर्षं समजत होतो की मी मार्कांवर आलो. आणि प्रोफेसरांच्या पत्रावर. मी काहीतरी थट्टेचं बोलणार होतो, पण ती पुढे म्हणाली, “हिला विचार, इथे विमान मिळतं का.”

“कशाला?”

“मला जायचंय.”

ती शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. “त्या कागदावर एक्स्टेन्शन लिहिलं होतं. तेवढं इंग्रजी मला येतं. तुझ्या बाबांना रिटायर होताना दोन वर्षांचं मिळालं होतं. किती खूश झाले होते ते. पण त्यांनी स्वतः मागितलं होतं.”

“मग सही का केलीस?”

“तू इतका दमलेला दिसत होतास. म्हटलं, आता ह्याच्याशी कुठे वाद घालायचा.”

“घरी बोलायचंस ना मग.”

“घरी कधी? तू कामावर असतोस, नाहीतर झोपलेला असतोस. पोर गोड आहे, सूनबाई चांगली आहे, कशाला नाव ठेवायला जागा नाही. पण दिवसभर मला कुणी हाक मारत नाही रे. तिथे जिना उतरेपर्यंत दहा जण काकू म्हणतात.”

मला राग आला, हे कबूल करतो. पहिला आला तो रागच. मी रात्रभर व्हॉल्व्ह तपासत उभा असतो तो कुणासाठी, असं काहीतरी मनात आलं. ही गेल्यावर मुलीला कोण बघणार, हेही आलं. मग राग ओसरला आणि खाली फक्त लाज उरली. पाच महिने मी तिला सांभाळतो आहे अशा थाटात वावरत होतो आणि एकदाही तिला विचारलं नव्हतं. बाबांच्या वेळी मी पोचलो नाही त्याची भरपाई मी तिच्या राहण्यानं करून घेत होतो. तीही तिच्याकडूनच.

मालकीणबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. आई काय विचारते आहे, त्यांनी मला विचारलं. टाळायला सोपं होतं, कपाट आवडलं म्हणते, असं सांगून मोकळा झालो असतो. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी काही गाळलं नाही. मावली, मेण, व्हिसा, विमान, आणि मी न विचारता घेतलेली सही, सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या आईकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मग त्या बिचाऱ्या संताला कशाला त्रास? तिकिटावर तारीख तूच घालणार आहेस ना?”

“काय म्हणाली?” आईनं विचारलं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द. आणि मग पेटीची गोष्टही सांगितली, उन्हाळ्याची, घड्या घातलेल्या चादरींची. आईनं बाईंचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. वरच्या सज्जात मैत्रिणींचे कॅमेरे वाजत होते.

विमान नव्हतं, पण मेणबत्त्या होत्या. आईनं एक लावली आणि हात जोडले. ती हात जोडून उभी असताना मी एकदाचा बाकावर बसलो. पाच मिनिटं असतील, जास्तीत जास्त. झोप आली नाही.

“सोमवारी फोन करतो विमान कंपनीला,” मी दाराशी म्हणालो. “अर्जही मागे घेतो.”

“पोरीचं काय करशील?”

“बघू काहीतरी.”

“बघशील,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती पायरीवर बसली. तिचे तळवे गारठून पांढरे पडले होते. मी ते हातांनी चोळले, मग बूट चढवले आणि नाडी बांधायला घेतली. राहा असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, आणि म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणून तोंड उघडलं नाही.

“माझंच चुकलं,” ती माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत म्हणाली. “तुझ्या वेळी एकच विमान घेतलं. नुसतं जायचं मागितलं. परत यायचंही मागावं लागतं, ते काही मला सुचलं नाही.”

मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि तिला हात देऊन उठवलं.