पाळण्यातला मुकादम

दुष्काळात चैन सुचते कशी, असं विचारणाऱ्यानं कधी खडी फोडलेली नसते. बहात्तर साली श्रीगोंद्याकडं आई आणि मी दुष्काळी कामावर होतो. तरी जत्रेत आकाशपाळण्याला ही भली मोठी रांग! आमच्या पाळण्यात समोर येऊन बसला तो कामावरचा मुकादम, दिवसभर आमच्यावर खेकसणारा. पाळणा वर जाताच त्यानं डोळे मिटले आणि "मेलो, मेलो!" करत आईचाच हात गच्च धरला.

"डोळं उघडा की, मुकादम! लई ग्वाड वारं हाय!" आई हसून हसून बेजार.

सकाळी तो पुन्हा खेकसला. आईनं नुसती हातोडी हवेत गोल फिरवली आणि रात्रीची गंमत तिच्याकडून ऐकलेल्या साऱ्या बाया हसत खडीवर लोळल्या. तो तणतणत निघून गेला.

संध्याकाळी पाळण्याच्या रांगेत आमच्या पुढं तोच उभा!