तीन टिंबं

'ओरिजिनल' हा शब्द कुणी उच्चारला की अजून माझं डोकं फिरतं. दोन वर्षं झाली, पण राग काही कमी होत नाही, आणि व्हावा असं मला वाटतही नाही.

माझे बाबा लोहार. टोकावड्याच्या रस्त्याला लागून आमचा पत्र्याचा मांडव, तिथेच ऐरण आणि तिथेच भट्टी. लहानपणी भाता मी ओढायचे, आता त्या जागी विजेचा पंखा आहे. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा तापवून, ठोकून बाबा कोयते करतात. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं राबासाठी, म्हणजे भात पेरण्याआधी जमीन भाजायला, फांद्या तोडतात ती याच कोयत्यांनी. प्रत्येक पात्यावर मुठीजवळ बाबा टोच्याने तीन टिंबं ठोकतात. आजोबांचीही तीनच होती. अक्षर दोघांनाही कुणी शिकवलं नाही, तेव्हा ती टिंबं हीच त्यांची सही. मुरबाडच्या बाजारात माणसं आधी पातं उलटं करून टिंबं बघतात आणि मगच कोयता हातात तोलून पाहतात.

बाबांचं आणखी एक ठरलेलं आहे. धारेची वस्तू ते हातातून हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात, घेणाऱ्याने उचलायची. हातातून दिली तर भांडण होतं म्हणे. यावरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर जवळच्या एका फार्महाऊसचा मालक आला. जुनी हत्यारं जमवायचा छंद आहे म्हणाला. फोनवर त्याने एका सुऱ्याचं चित्र दाखवलं, असा एक घडवून द्या म्हणाला. लांब, रुंद पातं आणि टोकाकडे पाठ आत वळलेली. याला बोवी म्हणतात, असं सांगून त्याने ओट्यावर बसून सगळा इतिहासच सुरू केला. अमेरिकेत नदीकाठी मारामारी झाली, तिच्यात एकाने असा सुरा चालवला आणि त्याचंच नाव सुऱ्याला पडलं. पुढे मागणी इतकी वाढली की इंग्लंडातले कारागीरही बनवून तिकडे पाठवू लागले. बाबांनी एकच विचारलं, पहिला घडवला कुणी? ते नक्की कुणालाच माहीत नाही, वाद आहेत, असं तो सहज म्हणून गेला. मारामारी करणाऱ्याचं नाव साऱ्या जगाला पाठ आणि घडवणाऱ्याचा पत्ता नाही! मला तिथेच चीड आली. बाबा मात्र चित्राकडे बघत बोटांनी पात्याची रुंदी मोजत होते.

आठ दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. पातं लालबुंद करून पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग ते घासून पुन्हा हळूहळू शेकायचं आणि रंगावर डोळा ठेवायचा. भाताच्या पेंढ्याचा पिवळा रंग आला की थांबायचं. धारेवर निळा चढला तर मेहनत फुकट, धार मऊ पडते. या सगळ्याला आमच्यात पाणी देणं म्हणतात. बाबांनी त्या सुऱ्याला पाणी दिलं, शिसवीची मूठ बसवली. तीन टिंबं तर होतीच. तो न्यायला आला तेव्हा बाबा सुरा जमिनीवर ठेवायला वाकले, पण त्याने हसत तो हातातूनच काढून घेतला.

चैत्रात तो परत आला. मी भातसानगरहून माहेरी आले होते. सुऱ्याने सरपण तोडायला गेलं तर धार वळली, असली कसली तुमची वस्तू, असं म्हणत त्याने सुरा ऐरणीवर टाकला. मी पातं उलटं केलं. टिंबं नव्हती. ती घासून काढून त्या जागी इंग्रजी अक्षरं कोरली होती. पात्यावर कसल्याशा ॲसिडचे डाग पाडले होते, जुनं दिसावं म्हणून. त्याने ते लपवलंही नाही. एका हौशी माणसाला शंभर वर्षांपूर्वीचा, ओरिजिनल, म्हणून विकला होता आणि तो माणूस आता तक्रार करत होता.

बाबांनी पातं उन्हात धरलं. धारेच्या कडेने निळी रेघ गेली होती.

"घासायला मशीन लावलंत ना?" ते म्हणाले. "पानी उतरवलंत तुमी याचं."

तो उत्तर देणार इतक्यात त्याचा फोन वाजला. तेच गिऱ्हाईक असावं. आमच्या दारात, आमच्या देखत हा इसम फोनवर म्हणाला, "हो हो, पीस ओरिजिनलच आहे. इथल्या एका लोहाराकडे धार लावायला दिला होता, त्या गावठीने बिघडवला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या भातसाचं, तानसाचं पाणी मुंबईच्या नळाला येतं तेव्हा ते कुठलं हे कुणी विचारत नाही. तेवढं मी सवयीने गिळलं होतं. हे गिळवेना. चांगलं होतं तोवर बाबांची सही खरवडून काढली, आणि बिघडल्यावर बरोबर लोहार आठवला!

फोन ठेवून तो म्हणाला, धार नीट करून द्या, आणि यावेळी खुणाबिणा नकोत.

"बाबा, हात नका लावू त्याला," मी म्हणाले. "जाऊ दे त्याला तसाच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मूठ काढली आणि भट्टी पेटवली. त्या क्षणी मला त्या माणसापेक्षा बाबांचाच राग जास्त आला. इतकं ऐकून घेऊन पुन्हा त्याचंच काम करायचं? हातात होती ती सांडशी मी आपटली. तो बाजेवर बसून फोन चाळत राहिला.

पातं लाल झालं. बाबांनी ते ऐरणीवर घेतलं, टोच्या लावला आणि तीन घाव घातले. मुठीजवळ नाही, बरोबर पात्याच्या मधोमध, आणि एवढे खोल की घासायला जावं तर पातंच उरू नये. मग पाणी दिलं, सावकाश, पिवळा रंग येईपर्यंत. मूठ पुन्हा बसवली.

तो धावतच आला. "अहो, हे काय केलंत? आता हा ओरिजिनल राहिला का?"

"आता झाला," बाबा म्हणाले.

मग ते वाकले आणि त्यांनी सुरा जमिनीवर ठेवला.

"उचला, साहेब."

त्याने उचलला नाही. शिव्या देत गाडीत बसला आणि निघून गेला. तो सुरा आता माझ्या आईकडे आहे, आणि ती त्याने फणस फोडते.