टेलच्या चिमण्या

कुठली गोष्ट कुणाच्या वाट्याची आहे आणि ती त्यालाच मिळाली पाहिजे, या बाबतीत आमच्या शेजारच्या इन्स्पेक्टरसाहेबांइतका हट्टी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नसेल. साहेब पाटबंधारे खात्यातून कॅनॉल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी कालव्याच्या काठाने सायकल हाणत पाणीचोर पकडण्यात घालवली. निवृत्तीनंतर कालवा सुटला, सायकल गंजली, पण स्वभाव जागचा हलला नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट पहिल्या रांगेपाशी घुटमळू लागलं, की साहेब भरल्या पानावरून उठत आणि वाढप्याला दंडाला धरून शेवटच्या पानापाशी नेऊन उभा करीत. रॉकेलच्या रांगेत ते असले तर मध्ये घुसायची कुणाची छाती होत नसे. त्यांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते, हेडवाले आणि टेलवाले. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडवाले. ते आधी पाणी घेतात, हवं तेवढं घेतात आणि वर चोरूनही घेतात. शेवटाला ज्यांची शेतं ते टेलवाले. त्यांच्यापर्यंत पोचतो तो नुसता ओला चिखल. "खातं टेलवाल्यासाठी असतं," साहेब म्हणत. "हेडवाल्याला खात्याची गरजच काय?"

आम्ही गंगापूर रोडच्या त्या कॉलनीत राहायला गेलो ते सत्त्याहत्तर साली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, यजमान सातपूरच्या एका कारखान्यात पत्र्याचं काम करणारे. आम्ही बौद्ध, आणि त्या गल्लीत तसं आमचं एकच घर. आडनाव ऐकल्यावर दोन-तीन घरांचं बोलणं जरा आखडलं. त्याची आम्हाला सवय होती. साहेब तिसऱ्या दिवशी आले ते ओळखपाळख न करता सरळ मोरीत शिरले. नळ सोडला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बादली भरू दिली आणि म्हणाले, "तुम्ही टेलला आहात." पुढचे आठ दिवस ते गल्लीत फिरत होते. वरच्या दोन घरांनी नळाला गुपचूप पंप जोडले होते, ते त्यांनी काढायला लावले. आमच्या बादलीत जोराने धार पडली तेव्हा कंबरेवर हात ठेवून समोर उभे होते. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला बाई.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, कळवणकडच्या. साहेब जितके कडक तितक्या त्या खेळकर. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ही दोघंच. आम्ही राहायला आल्यावर वर्षभरातच काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं जड झालं. साहेबांनी त्यांचं सगळं हातांनी केलं. भरवणं, पुसणं, वेणी घालणं. वेणी घालताना भांग ते पट्टीने आखल्यासारखा पाडत. काकूंची कॉट त्यांनी मागच्या खोलीत परसाकडच्या खिडकीला लावली आणि समोरच्या पेरूच्या फांदीला द्राक्षाच्या पेटीची एक फळी सुतळीने टांगून तीवर रोज सकाळी बाजरी आणि तांदळाची कणी टाकायला सुरुवात केली. कल्पना अशी, की चिमण्या येतील आणि काकूंचा वेळ जाईल. या फळीला साहेब वितरिका म्हणत. कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या फाट्याला त्यांच्या खात्यात तसं म्हणतात.

चिमण्या आल्या. पाचव्या दिवशी खार आली.

खारीने सुतळीवरून उतरून, चिमण्यांना हुसकावून, फळीच्या मधोमध बैठक मारली आणि दोन्ही हातांनी बाजरी खायला लागली. साहेबांना तो हेडवाला बघताक्षणी ओळखू आला. त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. मी धावत गेले तर त्यांनी पंचनामा लिहून ठेवलेला. एक खार, अंगावर तीन पट्टे, दुसऱ्याच्या पाळीचं धान्य बेकायदा उचलताना समक्ष पाहिली. खाली पंच म्हणून मला सही करायला लावली. मी केली. गल्लीतल्या एका आजोबांनी तेवढ्यात टोकलं, की अहो, या रामाच्या गावात राहून खारीला हाकलता? साहेबांनी मान वर न करता उत्तर दिलं. "रामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्याची पाळी तोडायचा परवाना नाही दिला."

त्यानंतरची चार-पाच वर्षं त्या परसात जे चाललं ते मी भिंतीच्या अलीकडून आणि पुष्कळदा काकूंच्या कॉटवर बसून पाहिलं. साहेबांनी आधी सुतळी काढून तार लावली. खार तारेवरून आली. त्यांनी तारेला एरंडेल चोपडलं. खार दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून आली. एरंडेल मात्र साहेबांच्या लेंग्याला असं लागलं, की त्या दिवशी बाजारातून येताना माशांचं एक लटांबर त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. मग त्यांनी आपली नोकरीतली काळी छत्री उघडून फळीच्या वर बांधली. खार छत्रीवर पडली, घरंगळली, काडीला लोंबकळली आणि झोका घेऊन फळीवर उतरली. आठवड्याभरात ही तिची नेहमीची वाट झाली. महिन्याभरात तिने छत्रीचं कापड कुरतडून घरट्याला नेलं आणि उरलेल्या काड्यांवर कावळे बसू लागले. साळुंक्या, कबुतरं आणि एक मुंगूस असे इतर अनधिकृत लाभार्थीही होते. पण साहेबांचं खरं वैर खारीशी. एका मे महिन्यात ते रंगपंचमीची पितळी पिचकारी घेऊन तीन दिवस माठामागे दबा धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी अचूक नेम धरून पोस्टमनला भिजवलं.

सगळ्यात मोठा पराक्रम मिरचीचा. बाजरीत तिखट कालवलं तर खार फिरकणार नाही, असं त्यांना कुणी तरी सांगितलं. साहेबांनी लवंगी मिरचीची पूड दोन्ही हातांनी मळून कालवली, फळीवर पसरली, आणि खार येते का म्हणून बघताना तोच हात डोळ्याला लावला. पुढचा पाऊण तास ते परसात हौदाभोवती फिरत होते. चिमण्या आणि खार शेजारी शेजारी बसून ते बघत होत्या, आणि बघता बघता बाजरी खात होत्या. मी आत काकूंपाशी होते. लाल, सुजलेले डोळे घेऊन साहेब आत आले तेव्हा काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाहून साहेबांना भरून आलं. "काही झालं नाही, बरं का मला," ते त्यांच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. काकूंनी तोंडाला पदर लावून मान हलवली.

साहेबांना हे ठाऊक नव्हतं, की काकू रडत नव्हत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आजारपणानंतर काकू साहेबांसमोर कधी हसल्या नाहीत. हसताना त्यांचा अर्धा चेहरा हसायचा, अर्धा तसाच राहायचा, आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. साहेब खोलीत असले, की पदर तोंडाशी. पण साहेब परसात गेले, की काकू खिडकीकडे वळायच्या. बाहेरच्या उन्हातून डासांच्या जाळीआडचं काही दिसत नसे. साहेबांची शिडी, साहेबांची तार, शिडीवरून उतरताना हरवलेली चप्पल आणि वरून सगळं निरखणारी खार, हे बघत त्या मनसोक्त हसत. शाळा सुटल्यावर मी गेले, की आज काय काय झालं ते मला अडखळत अडखळत सांगत. चिमण्यांबद्दल मात्र त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. आणि साहेब मला म्हणत, "हिचा हसरा स्वभाव आजाराने नेला, बाई. निदान चिमण्या तरी हिला निवांत बघायला मिळाव्यात."

हे दोन्ही मी ऐकत होते. दोघांमध्ये मी एकटीच होते जिला दोन्ही बाजू माहीत होत्या.

आणि मी काय केलं? मला साहेबांची दया आली. पाण्याच्या त्या उपकाराची फेड करावी असंही मनात होतं. मी यजमानांना म्हटलं, तुम्ही पत्र्यातले माणूस, यांना काही तरी करून द्या. यजमानांनी कारखान्यातला एक तुकडा घेऊन पत्र्याचं मोठं उलटं नरसाळं बनवलं. परसाच्या मध्यावर, झाड आणि भिंत दोन्हीपासून लांब, एक गुळगुळीत पाइप पुरला. त्यावर नरसाळं, नरसाळ्यावर फळी. साहेबांनी नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले आणि यजमानांना शाल दिली. खारीने चार दिवस प्रयत्न केला. पाइपवरून चढायची, नरसाळ्याच्या पोटात शिरायची, तिथून पुढे वाट नसायची. पाचव्या दिवशी ती आली नाही. पुढेही आली नाही.

परसात शांतता झाली. साहेब आता दिवसभर काकूंच्या उशाशी खुर्ची टाकून बसत, आणि समोर चिमण्या शिस्तीत दाणे टिपत. दीड-दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की काकूंचं तोंड भिंतीकडे असतं. साहेब म्हणाले, आता तिला गाढ झोप लागते. एका दुपारी ते औषध आणायला गेले होते तेव्हा मी काकूंना विचारलं, बाहेर का बघत नाही? त्या बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या.

"काय बघू? चिमण्या येतात, खातात, जातात. लय शहाण्या हायेत."

मग डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. "त्यांना नको सांगू, बाई. लय खूश हायेत ते."

मी घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय, खालचा एक बोल्ट ढिला केला की नरसाळं कलंडेल, खारीला वाट मिळेल. दोन मिनिटांचं काम आहे, उद्या करतो. त्यांना थांबवलं ते मी. म्हटलं, साहेबांना कळलं तर वाईट वाटेल, जरा विचार करू. शिवाय वार्षिक परीक्षा चालू होती. चौथीच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले होते. हे पेपर संपू देत, मग बघू, असं मी म्हटलं. हे वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं. भूगोलाचा गठ्ठा निम्मा तपासून झाला होता, तेव्हा सकाळी साहेबांनी भिंतीवरून हाक मारली. काकू पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

नंतर साहेब फारसे बाहेर पडेनासे झाले. पंगतींना जाणं त्यांनी सोडलं. बाजरी मात्र रोज टाकत. मी अधूनमधून भाकरी-भाजी घेऊन जाई, आणि दर वेळी सांगावं म्हणून जाई आणि न सांगता परत येई. काकूंनी सांगू नको म्हटलं होतं, हा मला चांगला आधार मिळाला होता. दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. साहेब त्या मागच्या खोलीत रिकाम्या कॉटशेजारी बसले होते. मला म्हणाले, "बाई, एकच समाधान आहे. शेवटचे दोन-तीन महिने तरी तिला चिमण्या निवांत बघता आल्या. तुमच्या यजमानांचे उपकार."

तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. एरंडेल, छत्री, पोस्टमन, मिरची. काकू कधी हसल्या, किती हसल्या, पदर तोंडाला का लावत. नरसाळ्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून का पडत, तेही सांगितलं. बोल्टचं सांगितलं, पेपरांचंही सांगितलं. म्हटलं, माझं चुकलं, काका. तुम्हाला वेळेवर सांगायला हवं होतं.

साहेब माझ्याकडे न बघता कॉटवरची चादर सारखी करू लागले. मला वाटलं, रागावले. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान माझ्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं. खिडकीबाहेर अंधारून येत होतं. त्यांनी विचारलं, "आवाज यायचा?"

कसला, ते मला आधी कळलं नाही.

"हसताना. आवाज यायचा तिचा?"

"नाही. आवाज नाही यायचा. डावा खांदा हलायचा."

"आणि तोंड?"

मी सांगायचा प्रयत्न केला, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी मी हाताने उजवा गाल खाली ओढून धरला आणि नुसत्या डाव्या बाजूने, काकू हसायच्या तशी, आवाज न करता हसून दाखवलं. चाळिशीची मी बाई, हातात भाकरीचा डबा.

साहेबांनी उठून दिवा लावला. खुर्ची ओढून समोर बसले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

"परत एकदा," ते म्हणाले.

मी परत हसले.