पथ्याचा डबा

त्या मनोरंजन पार्कच्या फाटकावर पिशव्या तपासणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणत. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, हा तिथला नियम. आणि तो राबवून अकरा वर्षं लोकांच्या शिव्या खायच्या, ही मावशीची नोकरी. नियम करणारे वर थंडगार खोलीत बसत. त्यांना कोण कशाला बोलतंय!

पण मावशी मनाची मऊ. पिशवी उघडता उघडता हळूच सांगायची, "भिंतीकडेला उभं राहून आत्ताच खाऊन घ्या. आत जेवायचं तर साडेअकराला, नंतर तासभर रांग. कारंज्याजवळच्या गाड्यावर उकडलेला मका मिळतो, तो घ्या. दुकानांत नुसतं तेल आणि साखर." कोणी आजारी दिसलं की आवाज आणखी उतरवायची. "पथ्याचं आहे म्हणा." पथ्याच्या खाण्याला डॉक्टरची चिठ्ठी लागायची, पण ती मावशीने कधी कुणाकडे मागितलीच नाही. असल्या किती डब्यांकडे काणाडोळा केला, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्यांसाठी फुकट पास मिळे. यंदा तिचे वडील म्हणाले, "तू कुठं काम करतेस ते एकदा बघू दे तरी." त्यांना साखरेचा आजार. दुपारी जेवणाआधी पाव तास इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची, आणि एकदा टोचली की जेवायचंच, नाहीतर साखर एकदम उतरायची. मावशीने निघण्याआधी त्यांचा डबा भरून ठेवला: उकडलेली अंडी, काकडी, पावाचे दोन तुकडे. डॉक्टरची चिठ्ठी कपाटातच राहिली.

दहा वाजता वडील रांगेत आले, इस्त्रीचा सदरा घालून. नेमके तेव्हाच फाटकावर देखरेख करणारे साहेब मावशीच्या मागे येऊन उभे राहिले. परका म्हातारा असता तर ती बेधडक म्हणाली असती, पथ्याचं आहे, जाऊ द्या. पण हा तिचा बाप, आणि पासावर तिचाच कर्मचारी क्रमांक. घरच्यांना सवलत देते म्हणतील, या धास्तीने तिची जीभच उचलेना.

"डबा आत नेता येणार नाही," ती म्हणाली. कुणालाही म्हणायची तसंच, वर न बघता.

"बरं," वडील म्हणाले, आणि डबा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला.

साहेब जरा वळले तशी ती पुटपुटली, "बाबा, कारंज्यापाशी बसा. साडेअकराला येते, आमच्या कँटीनमध्ये दोघं जेवू."

सव्वाअकराला वडिलांनी सुई टोचून घेतली. आणि सव्वाअकरालाच फाटकावर शाळेच्या चार बस येऊन थडकल्या. दोनशे पिशव्या, प्रत्येकीत डबा. मावशीने दोनदा सुट्टी मागितली. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "एवढं उरकू द्या." तिसऱ्यांदा विचारायला ती कचरली. बाप सुई टोचून उपाशी बसला असणार हे माहीत असून कचरली, हे लपवण्यात अर्थ नाही.

वडिलांपासून दहा पावलांवर मक्याचा गाडा होता. पण लेक येते म्हणाली होती, तिच्याबरोबरच जेवू, म्हणून ते घड्याळाकडे बघत बसून राहिले.

साडेबाराला ते बाकावरून कोसळले. मावशी धावत प्रथमोपचाराच्या खोलीत पोचली, तोवर गोड पाणी पाजून त्यांना शुद्धीवर आणलं होतं. सदरा घामाने चिंब झाला होता. तिचा जीव भांड्यात पडला.

नर्स चिडलेली होती. "सुई घेऊन उपाशी बसलात? बरोबर खायला काही आणलं नव्हतं?"

साहेब दारात उभे होते. सकाळी याच म्हाताऱ्याचा डबा आपल्यादेखत काढून घेतला गेला, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वडिलांनी लेकीकडे पाहिलं नाही. "घरी विसरलो," ते म्हणाले. "वय झालं."

खरं मावशीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"काय मावशी," साहेब म्हणाले, "जगाला खाण्यापिण्याचं सांगत असता. घरच्यांनाही जरा शिकवा."

"शिकवते, साहेब," मावशी म्हणाली.