मोरीवरच्या फळीवरचे फोटो

डहाणूच्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कोणाचाही एक्स-रे निघाला की तो सगळ्यांचा व्हायचा. हात मोडलेला असो की छातीत कफ झालेला, विचारपूस करायला आलेला माणूस चहा होईपर्यंत फिल्म खिडकीशी धरून बघणारच आणि कळो न कळो, मान हलवणारच. मीही अशा बऱ्याच फिल्मा बघून मान हलवली होती.

मी सातवीत असताना मला संडासवाटे रक्त जायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं, मग आवेचं. भर वर्गातून उठून पळावं लागायचं आणि परत आले की बाकावरची मुलगी जरा सरकून बसायची. शेवटी डॉक्टरांनी आतड्याचे फोटो काढायला मुंबईला पाठवलं. आईचे दिवस भरत आले होते, ती तलासरीला माहेरी होती. त्यामुळे बाबा आले.

आदल्या दिवशी एरंडेल पाजून पोट रिकामं केलं होतं. फोटो म्हणजे उभं राहायचं आणि श्वास रोखायचा, एवढंच मला माहीत. तिथल्या माणसाने मला कुशीवर झोपवलं आणि मागून नळी घातली. खडूच्या पाण्यासारखं पांढरं बेरियम आत यायला लागलं. ते आतड्यात भरलं की फोटोत आतड्याचा आकार उमटतो. "धरून ठेव, सोडू नकोस," तो सारखा सांगत होता. मी हलत होते म्हणून त्याने बाबांना शिशाचा जड एप्रन घालून आत बोलावलं. बारा वर्षांची मी, कमरेखाली उघडी, आणि बाबांनी माझे गुडघे धरलेले. ते सगळा वेळ भिंतीकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो निघाले आणि मला धरवलं नाही. पांढरा ओघळ त्यांच्या बुटांवर गेला. ते खाली वाकून पुसत राहिले.

परतीच्या गाडीत मी एवढंच म्हटलं, "बाबा, हे कोणाला दाखवू नका."

"नाही दाखवत."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गुजराती मासी आल्या. "फोटू आणला ने? बघू दे जरा."

कधी खोटं न बोलणारे बाबा म्हणाले, "डॉक्टरांनी ठेवून घेतला." लिफाफा त्यांनी मोरीवरच्या फळीवर, बंबाच्या वर सारून ठेवला होता. तिथे कोण कशाला बघतंय. मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवले.

गावातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दिलेल्या औषधांवर वर्ष निघालं, मग पुन्हा रक्त. आई बाळापाशी राहिली आणि या वेळी बाबा नि मी मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "जुने फोटो नीट असतील तर आत्ता परत काढायला नकोत." बाबांनी लिफाफा पुढे केला. बंबाच्या वाफेने फिल्मा एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. डॉक्टरांनी हलक्या हाताने ओढल्या तर फोटोतल्या आतड्याची सालंच निघाली. बाबा माझ्याकडे बघेनात.

पुन्हा तेच टेबल, तीच नळी. या खेपेला बाबांनी न सांगताच एप्रन घेतला.

घरी पोचलो तशा मासी आल्याच. बाबा काहीतरी सांगणार एवढ्यात मी स्वतःच फिल्म काढून त्यांच्या हातात दिली. मासींनी ती खिडकीशी उलटी धरली.

"यात हाडं कुठे आहेत?"

"हाडांचा नाही, आतड्याचा आहे. इथून रक्त जातं. संडासवाटे." माझे कान तापले होते.

मासींनी मान हलवली नाही. फिल्म खाली ठेवून त्यांनी विचारलं, "दुखतं का गं?"

"रोज," मी म्हटलं.

डॉक्टर विचारायचे तेव्हा मी "थोडं थोडं" म्हणायचे, कारण शेजारी बाबा बसलेले असायचे. आत्ता ते दारातच उभे होते. दोनदा माझे गुडघे धरून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला हे आज कळलं. ते चपला न घालताच बाहेर गेले.